कासवाच्या डोक्यावर पाय

आमच्या घरातला व्हिडिओ गेम मी निवडला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या जाऊबाई आजही चारचौघांत "आम्ही दोघींनी निवडला" म्हणतात. दोघींनी म्हणे! दुकानात त्या सोबत होत्या, एवढं मी मान्य करते. पण डोकं माझं होतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. झाकून ठेवायला तो काही लोणचं नाही.

घर गोव्यात, डिचोलीजवळ सर्वणला. सासरे मूळचे सावंतवाडीकडचे. गोव्याचं राज्य नवं नवं झालं त्या सुमारास खनिजाचा ट्रक चालवायला डिचोलीकडे आले आणि इथलेच झाले. चिऱ्यावर चिरा चढवत त्यांनी हे घर उभं केलं. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. थोरले दीर मुरगावच्या बंदरात कामाला, आठवड्याला घरी यायचे. माझा नवरा बापासारखाच ट्रकवर. म्हणजे खाणी चालू होत्या तोवर; त्या बंद पडल्या तसा ट्रक अंगणात आणि नवरा ओसरीवर. मी धारगळची. हमरस्त्यावर आमचं भजी-पावाचं दुकान होतं, त्यामुळे जीभ चालवायला मी चालायच्या आधीच शिकले असं माझी आई म्हणायची. जावेला एक मुलगा, मला एक मुलगा आणि एक मुलगी. एवढ्या सगळ्यांत चूल एक आणि टीव्ही एक.

एकदा दिरांनी बंदरातल्या कुणा ओळखीच्या खलाशाकडून गेम खेळायचं मशीन आणलं. कौतुकानं आणलं, पण त्यासोबत आलेला गेम होता ठोसाठोशीचा. दोघांनी उभं राहायचं आणि एकमेकाला आडवं करायचं. झालं! टीव्हीतली मारामारी जमिनीवर यायला कितीसा वेळ? जावेच्या मुलानं माझ्या मुलाला ढकललं, माझा त्याच्या दंडाला चावला, मुलगी दोघांच्या नावानं बोंबलत स्वयंपाकघरात आली. मग आम्ही दोघी सुरू झालो. "तुझ्या झिलाक वळण नाय," जाऊबाई म्हणाल्या. मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, पण ते भजीच्या दुकानात शिकलेलं होतं. त्यानंतर आमचं बोलणं बंद. एकाच चुलीवर दोघी, आणि मीठ हवं असलं तरी मुलांकरवी मागायचं.

पुढच्या खेपेला दीर आले तेव्हा जेवताना शांतपणे म्हणाले, "गणपतीची चवथ झाली की वायरमनाक बोलावतंय. आमच्या खोलीत दुसरो टीव्ही लावूया. कटकट नको. आणि हातासरशी थंय एक लहानशी मोरीपण काढूया."

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. उठून हात धुतले आणि अंगणातल्या बंद ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसले. मी पेजेचं भांडं घेऊन गेले तेव्हा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर घराकडे बघत होते.

"आज टीव्ही दोन, फाल्या चुली दोन," ते म्हणाले. "ह्या घर मी एकच बांधलंय गो."

मला राग आला, दिरांचा, जावेचा, त्या मशीनचा. मी म्हटलं, "बाबा, चवथीपर्यंत थांबा. सगळ्यांनी एकत्र खेळायचा गेम मी आणते. नाही जमलं तर ठोकू देत भिंतीत खिळे." म्हटलं खरं, पण गेम म्हणजे काय ते मला कुठे ठाऊक होतं!

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघाले आणि जाऊबाईंना मुद्दाम सोबत घेतलं. एकटीनं आणला असता तर त्यांनी नाक मुरडलंच असतं. बसमध्ये त्या पुढच्या सीटवर, मी मागच्या. दुकानदारानं बंदुकांचे गेम काढले, गाड्यांचे काढले. एक डबी पुढे सरकवून म्हणाला, "चौघांचा हवा ना? यात चौघे एकमेकांवर गोळ्या झाडतात."

"एकमेकांवर झाडायला आम्हांला गेम कशाला हवा?" मी म्हटलं. मागून जाऊबाई फिसकन हसल्या.

मी माझ्या अटी सांगितल्या. चौघांनी एका बाजूनं खेळायचं. रक्त नको. म्हाताऱ्याला आणि पोराला सारखंच समजायला हवं. आणि एक जण पडला तर त्यानं तोंड पाडून बसायला नको. दुकानदारानं डोकं खाजवलं आणि खालच्या फळीवरून एक काढला. कासव, बदक, माकड आणि मांजर. चौघांनी उड्या मारत, खड्डे ओलांडत, उंचावर चढत शेवटच्या झेंड्यापर्यंत जायचं. कुणी खड्ड्यात पडला तर मरत नाही, छत्री धरून हवेत लोंबकळत राहतो. सोबत्यानं हात लावला की परत जमिनीवर. फक्त सगळेच छत्रीला लागले तर खेळ संपला.

"लावा, बघू," मी म्हटलं. मी नारळसुद्धा कानाशी हलवून घेते, हा काय तसाच घेणार? दुकानात उभ्या उभ्या आम्ही दोघी खेळलो. दुसऱ्याच खड्ड्यात जाऊबाईंचं माकड पडलं आणि छत्री धरून माझ्या डोक्यावर तरंगायला लागलं.

"अगो, माका खाली घे गो!" त्या ओरडल्या. भांडणानंतर त्या माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. मी घेतलं खाली. आणि दुकानदाराला म्हटलं, "हाच द्या." येताना बसमध्ये आम्ही एका सीटवर बसलो.

चवथीला दीर आले. खोलीची भिंत मोजून ठेवलेली होतीच. मी गेमचं सांगितलं तर म्हणाले, "खेळूया. पण वायरमनाक सांगलेला आसा." संध्याकाळची आरती झाली, गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीतल्या काकड्या-नारिंगं अजून हलत होती, आणि मी टीव्ही लावला. मुलांनी हट्ट धरला की आधी मोठ्यांनी खेळायचं. कासव सासऱ्यांना, माकड जावेला, मांजर दिरांना, बदक मला; नवरा मुलांत बसून बघणार.

आमच्याकडे नवीन काही सुरू करायचं म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालावं लागतं. ट्रकला नवा टायर घातला तरी सासरे नारळ घेऊन उभे राहतात. तसे ते रिमोट हातात धरून उभे राहिले. "बा म्हाराजा! आज ही पोरां-सोरां एका ठिकाणी बसान खेळ मांडतत. काय चुकला-माकला तर सांभाळून घी. आणि कोणाच्या मनात वायला होवन दुसरी चूल मांडूची असात, तर ता मन फिरव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. दिरांनाही म्हणावं लागलं.

आणि पहिल्याच पुलावर आम्ही सगळे बुडालो. का? तर वडील माणूस पुढे गेल्याशिवाय आमच्या घरात कुणी उंबरा ओलांडत नाही. कासवाला बटण सापडेना आणि मांजर, माकड, बदक हात जोडल्यासारखी मागे उभी. पूल सगळ्यांना घेऊन कोसळला. मुलं कपाळ बडवून घेत होती. "अहो, आजोबांसाठी थांबू नका!"

"माझी वाट बघू नकात रे," सासरे म्हणाले. "मी येतंय मागसून."

मग पहिल्यापासून परत सुरू केलं आणि जरा जमलं. शेवटी झेंड्याच्या अलीकडे एक उंच भिंत आली. तिथपर्यंत दिरांचं मांजर छत्रीला, जावेचं माकड छत्रीला. जमिनीवर उरली कासव आणि बदक. खालून पाणी चढत होतं. मुलगी किंचाळली, "आई, आजोबांच्या डोक्यावर चढ! तिथून उडी मार!"

माझा अंगठा हलेना. देवळातल्या दगडी कासवाला आपण पाय लावत नाही, आणि हे तर सासऱ्यांचं कासव. खेळ होता, सगळं कळत होतं मला. तरी हात धजेना. पाणी कासवाच्या पाठीला लागलं. दिरांनी रिमोट खाली ठेवला, "सोडा, संपला." त्यांचं बोलणं मला त्या पाण्याहून जास्त बोचलं. संपला म्हणजे काय ते त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं.

सासरे टीव्हीवरून नजर न काढता गरजले, "चढ गो! अख्खा घर डोक्यार घेवन उभो रवलंय मी इतकी वर्सां. तुझो एक पाय जड जातलो काय माका?"

शेजारी बसलेल्या सासऱ्यांच्या पायांना मी डावा हात लावला, कपाळाला नेला, आणि उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं. बदक कासवाच्या डोक्यावर आणि तिथून भिंतीवर! वर एक दोर होता, तो खाली सुटला. कासव वर आलं. बदकानं हात लावला तशी मांजर आणि माकड छत्र्या सोडून खाली उतरली. झेंड्याला चौघे एकदम भिडलो आणि घरात असा आरडाओरडा झाला की शेजारीण काय झालं बघायला धावत आली.

विसर्जन झाल्यावर वायरमन आला. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते. दीर त्याला खोलीकडे घेऊन निघाले आणि दारातच थांबले. मग वळले. "हंय, हॉलात मशीनाक एक पॉइंट मार. बाबांची खुर्ची फुडे घेवची आसा, त्यांका लांबसून कासव दिसत नाय." जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि दोघींनी फोडणीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

सासरे आता थकले आहेत. पण देवळाच्या पायरीवर बसले की भेटेल त्याला सांगतात, "माझी सून माझ्या डोक्यार पाय देवन वर चढली!" नव्या माणसाला वाटतं, बिचाऱ्याच्या घरात काय हाल असतील. तो हळहळायला लागतो, तेव्हा म्हातारा छाती काढून म्हणतो, "म्हणानच चूल एक आसा."