बारक्याचा ॲम्प्लिफायर

"पहिले चूप आयका, मंग गाणं आयका," असं म्हणून ते एका कानात बोट घालत आणि दुसरा कान स्पीकरला लावत. गाणं लावलेलंच नसे. स्पीकर चालू, आवाज शून्य, आणि हे सत्तरीतले गृहस्थ गुडघ्यांवर बसून डोळे मिटून काहीच न ऐकण्यात गुंग. मनीषनगरच्या आमच्या गल्लीत तुम्ही त्यांना पहिल्यांदा असं पाहिलं असतं, तर दार लोटून परत गेला असता. मीही जाणार होते.

उमरेडच्या कोळसा खाणीत त्यांनी जन्मभर वीजकाम केलं आणि निवृत्तीनंतर आमच्या मागच्या घरात राहायला येऊन हौसेने स्पीकर बनवायला लागले. दोनदा तपासल्याशिवाय एक तार जोडायचे नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, मला तारांबद्दल कोणी शिकवलेलं खपत नाही. म्हणजे आमचं जमायचं काही कारण नव्हतं.

मी गेले ती दादाच्या ट्वीटरसाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याला जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या स्पीकरचे डबे वाळवीने खाल्ले, पण बारीक आवाज काढणारी ट्वीटरची जोडी तेवढी शाबूत राहिली. तशी आता बनत नाही. दादाचं बाकी सगळं वाटलं गेलं, माझ्या वाट्याला हीच आली.

"डबे नवे करू," ते म्हणाले, "पण आवाजाची वाटणी पहिलेच करू." नेहमीच्या स्पीकरमध्ये जाड आणि बारीक आवाज डब्याच्या आत वेगळे होतात. यांच्या पद्धतीत ते आधीच, क्रॉसओव्हर नावाच्या लहानशा पेटीत वेगळे व्हायचे आणि मग प्रत्येकाला स्वतःचा ॲम्प्लिफायर. आवाज स्वच्छ येतो. पण मग ॲम्प्लिफायर आणि ट्वीटर यांच्यामध्ये राखण करायला कोणी उरत नाही. एक जोराचा धक्का बसला की ट्वीटर गेलाच.

मी शंभर वॅटचा दणकट ॲम्प्लिफायर आणला होता आणि तो ट्वीटरलाच द्यायचा, असं माझं ठाम म्हणणं होतं. शक्ती हाताशी राखून असलेली बरी! फळ्यावर लिहून दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं.

"बारक्याले एवढं जेवण काहाले, ताई?" असं म्हणून त्यांनी माझा शंभरवाला त्यांच्याकडच्या एका जुन्या ट्वीटरला जोडला आणि मला कान लावायला सांगितलं. आत सूऽऽ असा आवाज चालला होता. "हे गाण्याच्या मागं जन्मभर बसून राहीन." मग त्यांनी स्वतः बनवलेला, साबणाच्या डबीएवढा ॲम्प्लिफायर जोडला. मी कान लावला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मला रागच आला. माझा शंभरवाला त्यांनी जाड आवाजाला दिला. मी तोंडदेखलं हो म्हटलं.

डबे त्यांनी घरी बनवले, ट्वीटर बसवून तोंडाला जाळीचं कापड लावलं आणि क्रॉसओव्हर, दोन्ही ॲम्प्लिफायर यांच्यासकट माझ्या बैठकीत आणून ठेवले. रविवारी लग्नाला म्हणून उमरेडच्या बसमध्ये बसायच्या आधी सांगून गेले, "मी येतपर्यंत हात लावू नका जी."

आता असं सांगितल्यावर कोण ऐकतं? मी माझा शंभरवाला ट्वीटरला जोडला. आधी क्रॉसओव्हर चालू करायचा, मग ॲम्प्लिफायर, नाहीतर धक्का थेट ट्वीटरला बसतो, हे मला पाठ होतं. घाईत उलटं झालं. ठप्प असा आवाज आला. मग गाणं लावलं, तर गोधडीत तोंड घालून कोणी गावं तसं यायला लागलं. दोन्ही ट्वीटर गेले होते.

मी फरशीवरच बसले. दादा दुसऱ्यांदा गेला आणि या वेळी माझ्या हाताने गेला, असंच वाटलं. दोन दिवस मी दार उघडलं नाही. त्यांनी बेल वाजवली, तर आतूनच ताप आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. त्यांच्या ओट्यावर उभी राहून सगळं कबूल केलं.

ते आत गेले आणि स्टीलचा डबा घेऊन आले. आत कापूस, कापसात दादाची जोडी.

"मग माझ्याकडच्या डब्यांत काय आहे?"

"भंगारातली. मी कोणाचंच खरं पहिले बसवत नाही जी. हात एकदा तं चुकतेच. माहा बी चुकला होता."

"मला सांगायचं तरी!"

"सांगतलं असतं तं तवा चुकल्या नसत्या. मंग खऱ्यावर चुकल्या असत्या."

मी आधी त्यांना चांगलं झाडलं, मग रडले. त्यांनी दोन्ही होऊ दिलं आणि प्यायला पाणी आणून दिलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा मला भूक लागल्याचं कळलं.

आता ते भिवापूरला मुलीकडे असतात, मागच्या घराला कुलूप आहे. त्या घराकडे पाहिलं की मला ते खरी जोडी बसवली त्या दुपारचे दिसतात. दादाचे ट्वीटर बसवून झाले होते, साबणाच्या डबीवाला ॲम्प्लिफायर जोडला होता. बटणं त्यांनी मला दाबायला सांगितली आणि स्वतः अंगणात जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी क्रॉसओव्हर चालू केला. थांबले. मग एकेक ॲम्प्लिफायर. काहीच झालं नाही. काहीच न झाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

"या आत," मी म्हटलं.

ते आले आणि तळहात सदऱ्याला पुसत माझ्याशेजारी फरशीवरच बसले. "माह्याच्यानं पाहवत नव्हतं, ताई," ते म्हणाले. "लावा आता गाणं."

"थांबा जरा," मी म्हटलं. एका कानात बोट घातलं आणि दुसरा कान स्पीकरला लावला.