पात संपली की एक चाल
माझ्या शेजारच्या पातीत कापूस वेचणाऱ्या काकूनं माझी बाजू घेतली होती, हे आधी सांगते. घाटंजीजवळच्या शेतात बोंडअळीनं किडलेली बोंडं सोडून देत आम्ही वेचत होतो. माझी शाळा आठवीतच सुटली होती, पण मोबाईलवर मी बुद्धिबळ खेळायचे. त्या दिवशीचा डाव जिंकला की आमच्या ऑनलाइन गटाच्या संघात माझं नाव लागणार होतं. वेचता वेचता चाल डोक्यात ठरवायची, आणि रोपांची एक पात संपली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवलेल्या मोबाईलवर ती खेळायची, असं चाललं होतं. डाव मी जिंकले. लगेच गट चालवणाऱ्या सरांचा आवाजी मेसेज गटात आला, "प्रत्येक चाल बरोबर तेवढ्याच वेळानं? आठवी शिकलेली मुलगी कॉम्प्युटरला विचारून खेळते आहे." माझे हात ओटीतल्या कापसात तसेच राहिले. काकूनं मोबाईल ओढून घेतला आणि तसाच मेसेज करत बोलली, "सर, घरी कॉम्प्युटर असता तं पोरगी इथं उन्हात कायले वेचत राह्यली असती? पात सरली का चाल खेळते ती. मी पाहून राह्यली न." गटात हसणारे चेहरे आले, मग मला काढून टाकलं. रडू आलं नाही. मी पुढची पात धरली. त्यानंतर पट उघडलाच नाही. आता मी सुरतला कारखान्यात कामाला आहे; इथे कुणी खेळताना दिसलं तरी मी मान वळवते, आपल्यावर कुणाची नजर आहे असं वाटतं. काकूला तर घोडा कसा चालतो तेही ठाऊक नव्हतं, तरी ती माझ्यासाठी बोलली. एकदा गावी जाऊन तिला समोर बसवीन आणि पहिल्या प्याद्यापासून सगळा खेळ शिकवीन.