पदर आणि तार

आईच्या उजव्या फुफ्फुसात वाटाण्याएवढी गाठ निघाली. संभाजीनगरच्या सर्जननी समजावून सांगितलं, एवढी बारीक गाठ ऑपरेशनच्या वेळी हाताला लागत नाही. म्हणून आधी सीटीच्या खोलीत सुईतून एक तार गाठीपर्यंत नेऊन ठेवायची, म्हणजे तिच्या मागानं जाऊन तेवढाच तुकडा काढता येतो. तार सरकली तर मोठा भाग काढावा लागेल. तारेचं बाहेरचं टोक छातीवर चिकटपट्टीनं बसवलं आणि आईला बजावलं, हात अजिबात वर करायचा नाही. आईनं मान हलवली.

तिथून ऑपरेशन थिएटर एका लांब पॅसेजच्या टोकाला. त्या पॅसेजमध्ये पिशोरहून आलेले थोरले काका, म्हणजे आईचे मोठे दीर, उभे. खाली थांबा म्हणून मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. पण घरच्या कर्त्या पुरुषाला खाली बसवणारी मी कोण? स्ट्रेचर त्यांच्यासमोर आलं आणि आईचा उजवा हात उठला. दवाखान्याच्या झग्याला पदर कुठला? तिनं अंगावरची चादर ओढून डोक्यावर घेतली. मी ओरडले, तोवर तार सरकली होती.

सुई घालताना फुफ्फुसाभोवती थोडी हवा शिरली होती, ती आता वाढली. दुसऱ्यांदा तार घालता येईना. डॉक्टरांनी मोठा भाग काढला. पुढं तपासणीत कळलं, गाठ साधीच होती. घरच्यांनी पेढे वाटले. मी माझा तसाच परत ठेवला.

काका मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत होते, "मरणाच्या दारातबी रीत सोडली नाय आमच्या घरच्या बाईनं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचाही राग आला. डॉक्टरांनी एवढं बजावलेलं तिला एका क्षणात विसरता आलं, आणि दिराची अदब तेवढी स्ट्रेचरवरही आठवत होती.

काका खोलीत भेटायला आले तेव्हा टाक्यांमुळं तिचा हात वर जाईना. तिनं माझ्याकडं बघितलं आणि धापा टाकत म्हणाली, "डोक्यावर पदर टाक गं माझ्या."

मी उठले आणि दाराशी गेले. "काका, तुम्ही बाहेर बसा. तिला आधी श्वास घेऊ द्या." त्यांच्या तोंडावर मी दार लावलं.

आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं.