नमुन्याचं हेल्मेट

आमच्या ह्यांना अख्खा बाजार हातोडीवाले म्हणतो. हातोड्या विकत नाहीत, हेल्मेट विकतात. पण दुकानात पाऊल टाकलं की आधी दिसते ती गल्ल्यावरची हातोडी आणि मग ह्यांच्या नाकाच्या शेंड्यावरचा राग. दोहोंपैकी आधी काय उठेल हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं नाही.

दुकान अरुंद. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर हेल्मेटं, काचा पाडून ओळीनं बसलेली. मागं खोक्यांचा ढीग, त्याला लागून माझी खुर्ची. आतलं अस्तर फाटलं, हनुवटीचा पट्टा तुटला, तर मी शिवून देते. गल्ल्याशेजारी एका लाकडी ओंडक्यावर काळं हेल्मेट ठेवलेलं असे, ते नमुन्याचं. किंमत ऐकून गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की हे काही बोलायचेच नाहीत. हातोडी उचलायचे आणि त्या काळ्यावर दाणकन हाणायचे. कडेवरची पोरं रडायला लागायची. "रंग गेला असेल," हे म्हणायचे, "पण तडा दाखवा. दाखवलात तर लागेल ते हेल्मेट फुकट घेऊन जा." तडा कुणाला कधी सापडला नाही. सासऱ्यांनी दुकान टाकलं तेव्हाचा माल होता तो, दगडासारखा.

ह्यांचा हा हट्ट पोटातून आलेला होता. माझा धाकटा दीर उघड्या डोक्यानं गाडी चालवायचा. स्वतःचं हेल्मेटचं दुकान, आणि केस बिघडतात म्हणून हा घालायचा नाही. चौकात एका ट्रकनं त्याला उडवलं, जागीच गेला. ह्यांनीच त्याला उचलला, आणि उचलताना हाताला काय लागलं ते आजतागायत मला सांगितलेलं नाही. तेव्हापासून हेल्मेट हा ह्यांचा धंदा राहिला नाही. रस्त्यात उघडं डोकं दिसलं की गाडी आडवी घालून शिव्या द्यायचे.

मग ते परदेशातून मागवायचं खूळ आलं. फोनवर बोट दाबलं की माल समुद्र ओलांडून दारात, तोही आमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत. लोक दुकानात यायचे, चार-चार हेल्मेटं घालून आरशात माना हलवायचे, माप विचारायचे, फोटो काढायचे आणि "जरा जाऊन येतो" म्हणून जायचे ते कायमचेच. हे धुमसायचे. "डोकं मोजायला माझं दुकान," म्हणायचे, "आणि पैसे मोजायला दुसऱ्याचं."

एका टायवाल्यानं तर ह्यांच्या समोर उभं राहून, ह्यांचंच हेल्मेट डोक्यावर ठेवून, तिकडची ऑर्डर टाकली. ह्यांनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला, ओंडक्यावर ठेवला आणि एका घावात त्याचा चुरा केला. संध्याकाळी तो माणूस तिघांना घेऊन आला. मी ओरडेपर्यंत ह्यांना खाली पाडून लाथांनी तुडवलं, समोरचा दात पाडला. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं हेच शटर वर करत होते. मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणतात, "काल हेल्मेट घालून बसलो असतो तर एवढं लागलं नसतं." अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

मी सांगून दमले की भाव उतरवा. त्यावर ह्यांचं एकच उत्तर. "अगं, ठोकवाल्याकडून घाऊक घेतानाच मला त्या परदेशवाल्यांच्या दुप्पट दरानं पडतं. मग तू सांग, त्यांचा माल काय असेल? कचरा. माणसाचं डोकं काय स्वस्तात झाकतात का?" ठोकवाल्याच्या मालावर चकचकीत चंदेरी शिक्का असायचा, तपासून पास केल्याचा. महाग म्हणजे मजबूत, एवढंच ह्यांचं शास्त्र. माझंही तेच होतं म्हणा. त्याच मालातलं लाल हेल्मेट ह्यांनी आमच्या लेकीला दिलं होतं. ती रोज स्कूटरनं कामाला जाते. लाल घातल्याशिवाय जिना उतरायचा नाही, असं लग्नात जावयाकडून वदवून घेतलं होतं.

जावई म्हणजे काडी पैलवान. आवाज असा की समोरच्यानं कान पुढे करावा. एका सुट्टीच्या दुपारी ते खोकं घेऊन दुकानात आले, सरळ माझ्याकडे. "आई, ह्या हेल्मेटांचे पट्टे जरा आवळून द्याल? एक माझं, एक हिचं. लाल तिला जड होतं, मान दुखते म्हणते." खोक्यावर परदेशातली चिठ्ठी. मी डोळ्यांनी खुणावत होते की झाका, झाका. पण शहाण्याला खुणा कळतात आणि भोळ्याला कळत नाहीत.

हे आलेच. "कितीला पडली?"

जावयांनी किंमत सांगितली. तेवढ्यावर थांबावं ना? "दोन मिळूनही तुमच्या एकाहून स्वस्त पडली, बाबा."

ह्यांचा हात असा सुटला की जावयाचा चष्मा थेट रस्त्यावर जाऊन पडला. जावयाला कधी कुणी मारतं का हो? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि हे तेवढ्यावर कुठे थांबतायत. दोन्ही हेल्मेटं फरशीवर टाकली आणि हातोडीनं हाणायला लागले. तुकडे माझ्या पायापर्यंत उडाले. "बघा," दारात जमलेल्या माणसांना सांगत होते, "बघा, स्वस्तातलं डोकं कसं फुटतं ते." समोरचा घड्याळवाला, शेजारचा शिंपी, येणारे-जाणारे, सगळे बघे गोळा झाले होते.

जावयांनी चष्मा उचलला. एक काच गेली होती. आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला. "आता तुमचं फोडून दाखवा, बाबा."

ह्यांनी काळ्याकडे हात केला.

"ते नको. त्यावर तर तुम्ही रोजच मारता." त्यांनी फळीवरून एक लाल काढलं, लेकीच्या जोडीचं. "हे. जे विकता ते."

ह्यांचा हात काळ्यावरच अडकला. खरं सांगते, तोवर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं हातोडी त्या एकाच काळ्यावर पडत होती. खोक्यातल्या नव्या हेल्मेटावर ह्यांनी कधीच मारून पाहिलं नव्हतं. का मारतील? विकायचा माल कोण फोडतं? हे तेच म्हणालेही, "विकायचा माल कोण फोडतं?" आणि गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

त्या हसण्यानं घात केला. ह्यांनी जावयाच्या हातातलं लाल हिसकलं, स्वतःच्या डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला, स्टुलावर बसले आणि हातोडी जावयाच्या हातात कोंबली. "मार."

"बाबा, नको."

"मार म्हणतो ना." जावयाला आजवर अहो-जाहो करणारा माणूस. मी मध्ये पडले तर मला असं ढकललं की मी फळीवर आपटले आणि चार खोकी अंगावर आली. "बायकोच्या डोक्यावर कचरा घालणारा तू," हे म्हणाले, "तू काय मारणार?"

जावयांनी डोळे मिटून मारलं. त्या काडीच्या अंगात जोर तो किती असणार. पण काळ्यावर व्हायचा तसा दाणकन आवाज आलाच नाही. कच्च, एवढंच. हातोडी आत रुतून बसली. मग काचेखालून रक्त आलं, आधी एक ओघळ, मग गळ्यापर्यंत.

हे स्टुलावर तसेच ताठ. "तडा गेला का?" मला विचारतात.

मी शिवणाच्या कात्रीनं पट्टा कापला. हेल्मेटाची दोन शकलं हातात आली. टाळूवरची कातडी बोटभर उघडली होती. मी टॉवेल दाबला, एका हातानं लेकीला फोन लावला आणि रडत सांगितलं, "बाबांचं डोकं फुटलंय, आहेस तशी ये." घड्याळवाला डॉक्टरांना आणायला पळाला.

जावई खाली बसले होते. त्यांनी लाल शकल उलटं केलं. आत थर्माकोलचा पातळ थर, आणि कवचात साच्यातून उमटलेला एक छोटा मासा, शेपटीचं एक टोक तुटलेला. मग त्यांनी फरशीवरचा स्वतःच्या हेल्मेटाचा तुकडा उचलला. तोच मासा. शेपटीचं तेच टोक तुटलेलं. दोन्ही तुकडे त्यांनी ह्यांच्या मांडीवर ठेवले.

हे उठले. फळीवरचं एक हेल्मेट घेऊन अस्तर, थर्माकोल सगळं फाडून काढलं. मासा. दुसरं फाडलं. मासा. निळ्यात, पांढऱ्यात, लहान मुलांच्या गुलाबी हेल्मेटांतसुद्धा. रक्त डोळ्यांत जात होतं आणि हे फाडत होते. एकाच साच्यातला माल, ठोकवाल्यानं नुसता शिक्का मारून दुप्पट केलेला. मला सगळ्या दुनियेची चीड आली. आणि तेवढ्यात हे माझ्याकडे वळले.

"तू फोन कुणाला केलास?"

"लेकीला. निघाली ती."

"कशावर?"

"स्कूटरवर."

डोक्यावर काय घातलंय हे त्यांनी विचारलं नाही. दुकानातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. जावयांनी फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ती फोन घेत नाही, बापानंच लावलेली शिस्त.

हे धावत सुटले. टॉवेल रस्त्यातच पडला. मागून मी, माझ्यामागून जावई. वळणावर पोचलो तर समोरून ती येत होती, आयुष्यात चालवली नसेल एवढ्या वेगानं, डोक्यावर ते लाल. आणि हे रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे, चेहरा रक्तानं माखलेला. तिनं ब्रेक दाबला. स्कूटर आडवी होऊन घसरत आली, ह्यांच्या नडग्यांवर आदळली आणि दोघं एकमेकांवर कोसळले. लेकीचं डोकं फुटपाथच्या कडेपासून वीतभर अलीकडे थांबलं. ती वीत मी अजून स्वप्नात मोजते.

"बाबा, माझा खांदा," ती किंचाळली. ह्यांना काही ऐकू येत नव्हतं. आधी तिचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि फुटपाथच्या कडेवर आपटलं. मडक्यासारखं फुटलं. मग तिचं डोकं दोन्ही हातांत धरून चाचपत राहिले, पुढून, मागून, कानामागे. लेकीला वाटलं बाप वेडा झाला. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि ह्यांचा डाव्या पायाचा घोटा.

हातातली काठी सुटण्याआधीच हे ठोकवाल्याकडे गेले, हातोडी घेऊन. त्याच्या हमालांनी ह्यांच्या दोन फासळ्या मोडून परत पाठवलं. ठोकवाला म्हणे गादीवरून उठलाही नाही. "मीपण तिकडूनच मागवतो," म्हणाला, "मग दुकानदाराला परवडेल तेवढा भाव लावतो. तुम्हाला परवडत होता ना?"

दुकानातला सगळा माल ह्यांनी फोडला. मी अडवलं नाही, उलट खोकी उघडून देत होते. जावई सुट्टीच्या दिवशी येऊन तुकडे पोत्यांत भरायचे. सासरे-जावई अजून एकमेकांशी बोलत नाहीत, पण पोतं दोघं मिळून उचलतात. काळं तेवढं ओंडक्यावर उरलं.

फळ्या रिकाम्या झाल्यावर ह्यांनी नवंच काढलं. काठी टेकत सिग्नलला जाऊन उभे राहायचे. आपल्या दुकानातलं हेल्मेट ओळखू आलं की गाडीची चावी काढून घ्यायची आणि म्हणायचं, द्या इकडे, फोडायचंय. कुणी शिव्या दिल्या, कुणी ढकलून दिलं. ज्या चौकात उघड्या डोक्यांना शिव्या घातल्या, त्याच चौकात झाकलेल्या डोक्यांचा मार खात होते. मी डबा घेऊन जायची आणि कडेला बसून राहायची.

परवा दूधवाला सापडला. गेल्या वर्षी ह्यांनीच त्याला दुकानात ओढून आणलं होतं. स्वस्तातलं मागवू नकोस, पोरंबाळं आहेत तुला, म्हणून. त्यानं दोन महिने थोडे थोडे करून पैसे फेडले होते.

"शेठ, हे तुमच्याकडचंच आहे," तो हसून म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो, काढ."

"का काढू? महागाचं आहे."

ह्यांनी त्याच्या हनुवटीखाली हात घातला आणि पट्टा सोडून हेल्मेट ओढलं. दूधवाल्यानं गाडी सोडली, किटल्या आडव्या झाल्या, दूध रस्त्याभर. त्यानं ह्यांच्या तोंडावर एक ठोसा दिला, मग फासळ्यांवर, जिथे पट्टी होती तिथेच. हे खाली बसले तरी हेल्मेट छातीशी धरलेलं. मी पळत गेले आणि त्याचा हात धरला. तो रडायच्या बेतात होता. "वहिनी, सांगा ह्यांना. काढायला सांगतात. मग काय उघड्या डोक्यानं जाऊ?"

हे एकदम थांबले. त्याच्याकडे बघत राहिले, मग पलीकडे, ट्रक वळतात तिकडे. सिग्नल दोनदा बदलला. मागचे हॉर्न वाजवत होते.

मग हे काठीवर भार देऊन उठले. हेल्मेटावर लागलेलं दूध बाहीनं पुसलं आणि ते दूधवाल्याच्या डोक्यावर नीट बसवलं, दोन्ही बाजूंनी दाबून, दुकानात बसवायचे तसं. पट्टा आवळला. बोट घालून बघितलं, सैल तर नाही ना. 

"हळू जा रे," म्हणाले.