मायच्या शेजारची जागा

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते मडावी गुरुजी गेले, हे त्यांच्या मुलीने, कमलताईने, फोनवर सांगितलं तेव्हा मी चंद्रपुरात रस्त्याखालची पाइपलाइन शोधत होतो. "बाबाले दोन्हीच्या मधातच ठेवलं," ती म्हणाली. त्या 'मधात'चं काय करावं हे मला अजून उमगलेलं नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बारावीनंतर बाप मला तेंदूपत्ता गोळा करतात त्या फडीवर मजुरीला पाठवणार होता. गुरुजी अंगणात येऊन बसले, चहा प्यायले आणि उठलेच नाहीत. जेवणवेळ टळली तेव्हा बाप वैतागून म्हणाला, घेऊन जा पोराले. पुढे मी भूगर्भशास्त्र शिकलो, जमिनीखालचं पाहणाऱ्या रडारवर कामाला लागलो.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजींनी मला आलापल्लीजवळच्या त्यांच्या गावी बोलावलं. त्यांच्यात माणसाला पुरतात आणि उशाशी दगड उभा करतात. रस्ता रुंद होताना दगड फुटतील म्हणून गावाने ते हळद लावून स्वतःच उचलले आणि मोहाच्या झाडाखाली एका ओळीत मांडले. एकही फुटला नाही, पण कोणता कुठला हे कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. गुरुजींना तर मायच्या शेजारीच जायचं होतं. ती गेली तेव्हा ते लहान होते. बांधाच्या या अंगाला, एवढंच त्यांना आठवत होतं.

"तुह्या मशीनले माही माय दिसन का?"

माय दिसणार नाही, हे मी समजावलं. मशीन जमिनीत रेडिओलहरी सोडतं. मातीचा थर बदलला की त्यातली थोडी लहर परत येते. ती किती वेळाने आली, त्यावरून खोली कळते. ओल्या चिकणमातीत लहर विरून जाते, म्हणून उन्हाळाच बरा.

"म्हंजे हाक मारायची, अन् ओ कितीक उशिरा येते ते पाहाचं."

"हो गुरुजी. पण ओ कोणी दिली ते कळत नाई."

दोऱ्या ताणून त्यांच्या कडेने मी मशीनची गाडी ओढली. थर तुटलेल्या, कधीतरी खणल्यासारख्या दोन जागा निघाल्या, एक बांधाकडे, एक सागाच्या झाडाकडे. यातली मायची कोणती, ते मला सांगता येईना. येवढं शिकवलं तुले अन् मायचा पत्ता नाई सांगत, असं म्हणून गुरुजींनी सगळ्यांना हसवलं. मग दोन्हींच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "मंग मले मधात ठेवा."

ऑफिसात मशीनने काढलेल्या आकृत्या पुन्हा पाहिल्यावर मला शंका आली. फोनवर त्यांना ऐकू येत नसे, म्हणून पत्र लिहिलं. कमलताई सांगते, त्यांनी ते वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं आणि बकऱ्या बांधायला गेले. जागेबद्दलचा शब्द मात्र बदलला नाही. त्यांना माझं पटलं नाही, की पटूनही त्यांनी काही वेगळंच ठरवलं... की मी ते लिहायलाच नको होतं? मला कळत नाही. लिहिलं होतं ते असं :

आदरणीय गुरुजी,

सागाकडची खूण मशीन ओढलेल्या पुढच्या सगळ्या रेषांत लांबवर जाते. एवढा लांब खड्डा माणसासाठी कोणी खणत नाही. ती बहुतेक सागाची मुळी आहे. बांधाकडची खूण माणसाच्या उंचीएवढी होऊन थांबते. तिथे माती कधीतरी उकरून परत भरली आहे. कोणासाठी, ते मशीन सांगत नाही. मधात राहिलात तर मायपासून थोडे दूर पडाल असं वाटतं. बांधाकडे सरकलात तर कदाचित दुसऱ्याच कोणाच्या मायजवळ जाल. याहून जास्त मला सांगता येत नाही, गुरुजी. तुम्ही म्हणाल तिथे येऊन मी खुणेची खुंटी ठोकून देईन.

तुमचा विद्यार्थी,
दिलीप