डाव्या हाताची परतीची तार

नम्रताने डावं बटण दाबलं. पेटीच्या पोटात खट्‌ झालं, लाकडी हात उसळला, लोखंडी गोळी वर फेकली गेली, आणि समोरच्या पाटीवरचा तीनशे चाळीस आकडा पुसला जाऊन चार शून्यं आली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा शून्यं.

"अगं, झोपू दे की जरा!" खाटेवरून जयवंत ओरडला. प्रभादेवीच्या एका टॉवरवर तो रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी नऊला घरी येऊन आडवा व्हायचा तो चारपर्यंत. परळच्या चाळीतली एकच खोली. खाट आणि ती पेटी यांच्यात एक माणूस तिरका उभा राहील एवढीच जागा.

"झालं, झालं. एकदाच."

"एकदाच एकदाच करत तीन आठवडे झाले. उद्या उचलून गॅलरीत नाही ठेवलं ना, तर बघ."

पण तिचा अंगठा बटणावरून हलेना.

नम्रता खैरमोडे हिची चोवीस वर्षं लिफ्टची पॅनलं वायर करण्यात गेली होती. परळच्याच एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर, लांब टेबलापाशी अकरा बायका बसायच्या. लोखंडी कपाटात रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप करणारे दणकट स्विच, बसवलेले असायचे. त्यांच्यातून शेकडो तारा ओढायच्या, टोकं सोल्डर करायची, मग मेणाच्या दोऱ्याने त्यांची वेणी बांधायची. मुंबईतल्या कितीतरी इमारतींत माणसं चौथ्या मजल्याचं बटण दाबून चौथ्या मजल्यावर पोचत होती ती या बायकांच्या बोटांमुळे, आणि हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मग इस्टेट पाडायची ठरली. साहेबांनी वर्कशॉप भिवंडीच्या पुढे नेलं. यायचं तर या, म्हणाले. जाऊन-येऊन पाच तास मोडणार होते. नम्रता गेली नाही.

पण घरी बसणंही तिला जमेना. पहिल्या महिन्यात तिने चाळीतल्या सगळ्या बेला दुरुस्त केल्या, बिघडल्या नव्हत्या त्यासुद्धा. दुसऱ्या महिन्यात शेजारची राधा म्हणाली, "नम्रता, आता मिक्सर उघडू नकोस हां माझा, तो चालतोय." भात गॅसवर ठेवून ती कोथिंबीर आणायला लालबागपर्यंत जायची आणि तीन दुकानांच्या पाट्यांची लुकलुक का बिघडलीय याचा विचार करत रिकाम्या हाताने परतायची. भात लागलेला असायचा.

अशातच नणंदेच्या नातवाचा वाढदिवस आला. गिरणीच्या जागेवर झालेल्या एका मॉलमधल्या गेमच्या हॉलात सगळे गेले. पोरं आवाज करणाऱ्या मशिनींवर तुटून पडली. एका कोपऱ्यात पिनबॉलचं मशिन होतं: तिरकी फळी, वरून गोळी घरंगळत येते, खालचे दोन हात बटणांनी उडवून ती परत वर मारायची. ते बंद पडलं होतं आणि मेकॅनिकने फळी उचलून उभी केली होती. नम्रताला फळीची खालची बाजू दिसली. हात उडवणाऱ्या कॉइली, म्हणजे तारेची घट्ट वेटोळी, छोटे स्विच, लाल-पिवळ्या तारांच्या जाडजूड वेण्या. हे तर लिफ्टचं पॅनल! फक्त माणसांच्या जागी गोळी.

"मावशी, मागे व्हा, करंट आहे," मेकॅनिक म्हणाला.

ती मागे झाली. पण केक कापून झाला तरी ती तिथेच होती.

त्यानंतर तिने कुणालाच काही विचारलं नाही. चिंचपोकळीच्या धोंडू सुताराने जुन्या पलंगाच्या फळ्यांची पेटी करून दिली. "ह्येच्यात नेमका ठेवतलंस काय गो?" त्याने तीनदा विचारलं आणि तीनदा "गोळी" हेच उत्तर ऐकून नाद सोडला. कॉइली जुन्या बाजारातून आल्या, स्विच लिफ्टच्या भंगारातून. आकडे मोजायला तेवढं लॅमिंग्टन रोडवरून एक छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणलं. वायरिंग तिने अठरा दिवस केलं. फळी उलटी करून, मांडी घालून, दोऱ्याची गाठ दातांनी ओढत. वेणी अशी झाली की राधासुद्धा बघून म्हणाली, "अगं बाई, ही तर देवाच्या मखरात लावावी."

आणि आता हे. उजवा हात उडाला की सगळं ठीक. डावा उडाला की आकडे शून्य.

तिने बोर्ड बदललं. पॉवर सप्लाय बदलला. कॉइलीवरचे डायोड तपासले, काढले, पुन्हा लावले. दुधाच्या रांगेत उभी असताना तिचा डावा अंगठा पिशवीच्या बंदावर दाबत राहायचा. बसमध्ये पुढच्या बाईच्या खांद्यावर एकदा दाबला गेला. बाई वळून बघायला लागली तेव्हा नम्रता पुढच्याच स्टॉपवर उतरून गेली. घरी येऊन चपला न काढताच फळी उचलायची. मीटरची टोकं लावायची. मीटर म्हणायचा सगळं बरोबर आहे.

त्या दुपारी जयवंत ओरडला खरा, पण मग त्याला झोप येईना. कुशीवर पडून तो बायकोकडे बघत राहिला.

"पुन्हा दाब गं," तो म्हणाला.

"झोपा तुम्ही."

"दाब म्हणतो ना."

तिने दाबलं.

"शून्य व्हायच्या आधी ती पाटी अख्खी विझते. एक क्षणभर. उभं राहून तुला नाही दिसत, इथनं दिसतंय. आमच्या बिल्डिंगला जुना पंप सुरू झाला की केबिनमधली ट्यूब अशीच करते."

नम्रताने फळी उचलली आणि परतीच्या तारेवर बोट ठेवून ती एका टोकापासून चाचपत निघाली. वीज कामावर जाते तशी तिला परत यायलाही वाट लागते. उजवी कॉइल त्या तारेला पॉवर सप्लायच्या अगदी जवळ जोडलेली होती. डावी मात्र बोर्डाच्या पलीकडे जोडलेली. डाव्या कॉइलचा सगळा धक्का बोर्डाच्याच वाटेने परतत होता, आणि ते नाजूक बोर्ड घाबरून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत होतं. रिले असते तर त्यांना काही झालं नसतं.

दोष सापडला. पण ती तार वेणीच्या मधोमध होती. अख्खी वेणी कापायला हवी होती. आणि सगळ्यांना मिळून परतीची एकच तार, हा नियम तिला वर्कशॉपातल्या सगळ्यांत जुन्या सुंदराबाईंनी कामाच्या पहिल्या दिवशी शिकवला होता. चोवीस वर्षं तिने तो मोडला नव्हता.

दोन दिवस कात्री हातात घेऊन ती गॅलरीत नुसती येरझाऱ्या घालत होती. तिसऱ्या दिवशी काळाचौकीवरून चालत घोडपदेवला गेली.

सुंदराबाई अठ्ठ्याहत्तरीच्या. दोन्ही डोळ्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळायची. "जय भीम, बाई," नम्रता दारातूनच म्हणाली.

"जय भीम. नमे ना तू? बस. पाय का हलवतेस सारखा?"

नम्रताने सगळं सांगितलं. पिनबॉल म्हणजे काय हे समजवायलाच दहा मिनिटं गेली. मग परतीच्या तारेचं सांगितलं, चूक कबूल करणाऱ्या पोरीसारखं.

सुंदराबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला.

"अगं वेडे, तो काय नियम होता? मोठे साहेब चिक्कू. तांब्याची तार वाचवायची म्हणून सगळ्यांची परतीची एकच करा, म्हणाले. रिले दणकट, चालून गेलं. मी तुम्हा पोरींना सांगताना नियम म्हणून सांगितलं, नाहीतर तुम्ही शंभर प्रश्न विचारले असते."

"म्हणजे एवढी वर्षं…"

"एवढी वर्षं साहेबाची तार होती. ही कुणाची आहे?"

"माझी."

"मग काप की! इथे कशाला आलीस उन्हाची?"

ती घरी पोचली तेव्हा जयवंत उठून चहा करत होता. तिने फळी उलटी केली आणि पहिल्या गाठीत कात्री घातली. दोरा तटकन तुटला. जयवंतने चहाचा कप तिच्या शेजारी ठेवला. तो तसाच गार झाला. पुढचे चार दिवस तिने प्रत्येक कॉइलला परतीची स्वतंत्र, जाड तार दिली, थेट पॉवर सप्लायपर्यंत. बोर्डाची वेगळी. नवी वेणी एकसारखी दिसत नव्हती. मध्येच फुगलेली, मध्येच फाटे फुटलेली. तिने ती तशीच ठेवली.

डावं बटण दाबलं. तीनशे चाळीस. पुन्हा. तीनशे साठ. जयवंत टाळी वाजवणार होता, पण तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि ओळीने दोनशे वेळा बटण दाबलं. तेव्हा कुठे ती खाली बसली, आणि तिच्या लक्षात आलं की तिला रडू येतंय.

रविवारी पेटी गॅलरीत काढली. अख्खी चाळ जमली. राधाचे सासरे दोनदा खेळले आणि तिसऱ्यांदा भांडले. सुंदराबाईंना जयवंतने टॅक्सीने आणलं, खुर्चीवर बसवलं, त्यांचे अंगठे बटणांवर ठेवले. त्यांना गोळी दिसत नव्हती. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. गोळी फळीवरून घरंगळत खाली आली की आवाज बदलायचा, आणि नेमक्या त्या वेळी त्या दाबायच्या. चौदाशेपर्यंत गेल्या तेव्हा लोक ओरडायला लागले.

"नम्रता कुठाय? नम्रताला बोलवा!"

नम्रता पेटीच्या खाली होती. बॅटरी तोंडात धरून, पाठीवर पडून ती डाव्या कॉइलकडे बघत होती. कॉइल जरा जास्तच गरम होत होती. बटण कुणी दाबूनच धरलं तर करंट आपोआप कमी व्हायला हवा. तिथे अजून एक स्विच लागणार होता. तो कुठे बसवायचा हे तिला आता दिसायला लागलं होतं.

"आले, आले," ती बॅटरीच्या बाजूने कसंबसं म्हणाली, पण बाहेर काही आली नाही.