शेडमधली पहिली काकडी

मी आखातात, फिंतासला एका घरी स्वयंपाकाला होते. मालकाला बाबा म्हणायचं, मालकिणीला मामा, तिथली रीतच तशी. बाबा तेल कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. इराकची दुसरी लढाई संपल्यावर त्यांनी वाळवंटात काकडीची शेड उभारली. चारी बाजूंनी बंद, आत कूलर. माळी म्हणून माझ्या नवऱ्यालाच गावाहून आणलं. हे शेडजवळ पत्र्याच्या खोलीत राहायचे आणि शुक्रवारी ड्रायव्हरच्या गाडीतून घरी यायचे. मागच्या दारात उभ्याउभ्या तेवढीच आमची भेट.

बाबा पाहुण्यांना सांगायचे, "तेल किती दिवस पुरणार? उद्या जग ते घेणारही नाही. ऊन तर दरवर्षी चढतंय. माझी मुलं काकडीवर जगतील."

एक पाहुणा म्हणाला, "मग मोठ्याची गाडी विक, त्याला गाढव घेऊन दे. काकड्या न्यायला बरं!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. पहिली काकडी या लोकांसमोर स्वतःच्या हाताने तोडायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

पण आमच्याकडे वेलीचं पहिलं फळ देवाचं. यांनी ते न विचारता तोडलं आणि खोलीतल्या तसबिरीपुढे ठेवलं. बाबांना ते तिथेच सापडलं.

"चोर!"

"चोरी नाय, बाबा. देवाला ठेवलाय. तुमच्याच शेडला बरकत येईल."

"मग तुला थंडही तुझा देवच ठेवील," म्हणून बाबांनी खोलीतला कूलर काढून शेडमध्ये लावला. हे दुपारी शेडमध्ये जरा टेकायचे, तेही बंद केलं. पाणी देऊन झालं की दाराला कुलूप.

शुक्रवारी यांनीच मला हे सांगितलं. ओठ फुटले होते. "काकडीला हवा लागते गो, मला नाय लागत," म्हणून हसले.

मला कुणापुढे बोलायला जमत नाही. तरी धीर करून मामांना म्हटलं, कूलर परत द्या.

"तुमच्या देशातही ऊन असतं ना?" मामा म्हणाल्या.

त्याच आठवड्यात हे शेडच्या कुलूपबंद दाराशी पडलेले सापडले. जाब्रियाच्या दवाखान्यात जीव वाचला, पण ऊन डोक्यात गेलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही.

बाबांनी यांचा व्हिसा रद्द करून गावचं तिकीट काढलं. विमान शुक्रवारचं, आणि शुक्रवारी पाहुणे.

"तू विमानतळावर गेलीस तर जेवण कोण करणार?" मामा म्हणाल्या. यांना ड्रायव्हर घेऊन गेला.

शेडमध्ये पाणी द्यायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे काकड्या कडू झाल्या होत्या. टोक कापून घासलं की फेस येतो आणि कडूपणा निघतो. त्या दिवशी मी घासलं नाही. तशाच चिरून ताटात मांडल्या.

गाढवाची थट्टा करणाऱ्याने फोड चावली, बाबांकडे पाहिलं आणि गिळली. "साखर आहे साखर!" मग सगळ्यांनीच खाल्ल्या आणि सगळ्यांनीच वाखाणल्या.

बाबांनी मला बोलावून हातावर एक फोड ठेवली.

"खा. तुझ्या नवऱ्याने लावलेली आहे."

सगळे बघत होते. मी खाल्ली.

"गोड आहे ना?"

मी मान हलवली.